निवताना

क्रेनला टांगलेली तुळई झुलून पोलादी खांबावर आदळली. मध्ये माझा मुलगा होता. खांब वाकला, मुलगा गेला. वाकलेले पोलाद तापवून सरळ करणे हे माझे आयुष्यभराचे काम, त्यामुळे आठवड्याने खांबावर खडूने त्रिकोण मीच आखला. वेल्डरने तेवढा भाग लालसर तापवला. “काका, पाणी मारू? लगेच निवेल.” “नको. आपोआप निवताना लोखंड आकसतं, त्या ओढीनेच सरळ होतं.” ओळंबा लावला, खांब सुतात होता. “आता त्याच्या आईलासुद्धा ओळखू यायचं नाही,” असे म्हणून वेल्डरने जीभ चावली. रंगाऱ्याने सगळा खांब रंगवला. संध्याकाळी सून आली. “बाबा, नेमकं कुठे?” मी बोट फिरवले, जागा सापडेना. तिने ओल्या रंगावरून तळहात सरकवला आणि थांबवला. “इथे. अजून कोमट आहे.” मीही हात ठेवला. माझ्या हाताला फक्त रंग लागला.