पाचवा सुरा

पहिल्या चार सुऱ्यांना नाव ठेवायला जागा नव्हती आणि थर्मनला त्याचाच राग येत होता.

कॉरीन त्याच्याच भट्टीवर शिकलेली. तिची एखादी चूक सापडली असती, तर ती सगळ्यांआधी त्यानेच दाखवली असती. म्हणजे म्हाताऱ्याने शिष्येला सांभाळून घेतलं, असं कोणी म्हणायला नको. पण चूक सापडेना. पितळेची आडपट्टी आणि पातं यांच्यामधून उजेड जात नव्हता. टोकाकडचा बाकदार उतार एका दमात घासलेला, मध्ये कुठे हात थबकल्याची खूण नाही.

"पोरीने जीव ओतलाय," डेल्बर्ट म्हणाला. तिघा परीक्षकांत तो सगळ्यात मवाळ.

कॉरीन टेबलापलीकडे हात मागे बांधून उभी होती. उस्तादाच्या परीक्षेत विचारल्याशिवाय उमेदवाराने तोंड उघडायचं नाही, असा नियम. सकाळी अंगणात तिने चाचणीच्या वेगळ्या सुऱ्याने टांगलेला दोर एका घावात तोडला होता, लाकडं फोडली होती, मग त्याच धारेने स्वतःच्या हातावरची लव काढून दाखवली होती. शेवटी ते पातं वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून काटकोनात वाकवलं, तरी मोडलं नाही. आता राहिली होती नुसती पारख. पाच बोवी सुरे, म्हणजे लांब पात्याचे शिकारी सुरे, आणि त्यांतला एक जरी पडला तरी सगळंच पडलं.

या खेपेला पडणं तिला परवडणारं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थर्मनने भट्टी विझवली. पाठ धरते, असं त्याने लोकांना सांगितलं. कॉरीनला म्हणाला, "उस्ताद झालीस की ऐरण तुझी, भट्टी तुझी. तोवर कुलूप." तेव्हापासून ती गॅरेजमध्ये रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठोकत होती.

"बाकी थर्मन, अर्कान्सातल्या जूनमध्ये कोट घालणारा तू एकटाच," तिसरा परीक्षक रॉयस म्हणाला. तो टेक्सासहून यायचा आणि येताना थट्टा घेऊनच यायचा. "आत बर्फ भरून आणलायस काय?"

"म्हातारपण भरलंय. तुलाही येईल."

कुठलाही सुरा थर्मन डाव्या हातानेच पारखायचा, उजवा कोटाच्या खिशात. चांगली मूठ दोन्ही हातांना मानवते, असं तो म्हणे. गेल्या वर्षापासून तरुण लोहारांत डाव्या हाताने सुरा तोलायची टूमच निघाली होती.

पाचवा सुरा रॉयसने उचलला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ही मूठ आहे की बटाटा? इथे खळगा, इथे टेंगूळ. मी माझी करंगळी कुठे ठेवू, घरी?"

"पातं बघ आधी," डेल्बर्ट म्हणाला. "पाचांत हेच उजवं आहे. मी तर पास म्हणतो."

"पातं दाताने धरायचंय का? माझ्याकडून नापास."

आता सगळं थर्मनवर आलं. त्याने डाव्या हातात सुरा घेतला. पातं खरंच देखणं होतं, त्याच्या स्वतःच्या चांगल्या दिवसांत त्याने केलं असतं तसं. पण अक्रोडाच्या त्या मुठीचा उंचवटा भलत्याच जागी टोचत होता. जरा फिरवला की सुरा हातात डुलायचा. त्याला वाईट वाटलं. चार मुठी बिनचूक करणारी बाई पाचवीला कशी चुकते?

"कॉरीन, हे काय केलंस?"

तिने एकदा त्याच्या कोटाकडे पाहिलं. "मिस्टर थर्मन, उजव्या हातात धरून बघा."

"मी कसं बघतो ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"हो. तरी एकदा बघा."

टेबलाभोवती माणसं जमली होती. थर्मनच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. आपली शिष्या, आणि चारचौघांत आपल्यालाच शिकवते. त्याने सुरा खाली ठेवला.

"हातात न बसणाऱ्या मुठीला मूठ म्हणत नाहीत. नापास."

"बरं," कॉरीन म्हणाली. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी पार्किंगमधल्या पिकनच्या झाडाखाली तो आपल्या ट्रकमध्ये बसला होता. किल्ली फिरवायचं जिवावर आलं होतं. कॉरीन खिडकीशी आली आणि फडक्यात गुंडाळलेला पाचवा सुरा तिने शेजारच्या सीटवर ठेवला.

"हा विकला जायचा नाही. तुमच्याकडे राहू दे."

"नापास सुरा घेऊन मी काय करू?"

"कॅटफिश कापा."

तो हसला नाही. "पुढच्या वर्षी येशील ना गं?"

"येईन की. ऐरण काय पळून जातेय?"

ती गेली. बाकीच्या गाड्याही एकेक करून गेल्या. थर्मनने फडकं सोडलं. कुठे चुकली ते तरी बघू, पुढच्या वर्षी सांगता येईल, असं त्याच्या मनात होतं. त्याने डाव्या अंगठ्याने तो उंचवटा चाचपला. कानस कुठे घसरली नव्हती. खळग्याची कड गुळगुळीत होती, आतपर्यंत तेल मुरवलेलं. बाकी चार मुठी मिळून जेवढी मेहनत झाली असेल, तेवढी या एकीवर होती. हे चुकून झालेलं नव्हतं.

त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पार्किंग रिकामं होतं.

मग त्याने उजवा हात खिशातून काढला. दोन वर्षांपूर्वी तो मशीनच्या घणाखाली सापडला, त्या दिवशी कॉरीननेच तो असल्याच एका फडक्यात गुंडाळला होता; तिच्याखेरीज आणि डॉक्टरखेरीज कोणाला त्याने तो दाखवला नव्हता. अंगठा आणि दोन बोटं आपापल्या खळग्यांत जाऊन बसली, उरलेली दोन जिथे असायला हवी होती ती जागा उंचवट्याने भरून काढली, आणि सुरा तसूभरही डुलला नाही.