हेमांगी, वय चौतीस

सकाळी लॅब उघडताच नूतननं स्वतःच्याच दंडाला पट्टा आवळून रक्त काढलं आणि नळीवर लिहिलं, ‘हेमांगी, वय चौतीस’. इथली गोष्ट गावभर व्हायला वेळ लागत नाही, हे तिला सात वर्षांच्या नोकरीत कळलं होतं.

दुपारपर्यंत तिनं मशीनपाशी चार चकरा मारल्या, एकाच पेशंटला दोनदा नाव विचारलं.

अखेर लॅबच्या डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या. “या हेमांगीचं हार्मोन फार कमी आलंय. मूल हवं असेल तर थांबून चालायचं नाही. तूच सांग फोनवर. तुला हळुवार सांगता येतं.”

त्यांनी टेबलावरच्या फोनवरून हेमांगीच्या फॉर्मवरचा नंबर लावून रिसीव्हर तिच्या हाती दिला.

नूतनच्या एप्रनच्या खिशात रिंग वाजू लागली.

मॅडमनी दार लोटून घेतलं. “बस. परत सांगते, नीट.”