भट्टीच्या दारावरचा रंग

निखतचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता आणि ग्रंथालयाच्या संगणकातला शोधक गोड आवाजात सांगत होता, "या मिश्रधातूच्या प्रयोगात मूस फुटल्याची एकही नोंद नाही, ताई."

शलाकाच्या तोंडाला कडू चव आली. मैत्रिणीच्या हातावर धातू वितळवायची ती मूस फुटताना तिने परवाच पाहिली होती. त्याचा अहवालही तिनेच शोधकाला दिला होता.

"मग माझा अहवाल कुठे गेला?"

"धातू लवकर वितळतो हे तुमच्या प्रयोगातून सिद्ध झालं. तेवढं ठेवलंय. अभिनंदन!"

ग्रंथपाल तांबोळी सर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, अपयश वाचून पोरं खचतात, कॉलेजचं मानांकन घसरतं. म्हणून शोधक ते गाळतो. आता सगळीकडे असंच आहे."

"आणि पोरं भाजतात, त्याचं काय?"

"हळू बोल. तपासणी समिती आलीय."

त्यांच्या पायापाशी थुंकावंसं वाटलं तिला. ती तडक प्रयोगशाळेत गेली. पुढच्या गटासाठी, शोधकाच्याच शिफारशीने, तसलीच मूस काढून ठेवली होती. तिने ती फरशीवर आपटली आणि तिच्याच एका खापरीने भट्टीच्या दारावर लिहायला घेतलं: ही मूस फुटते.

समितीसाठी दाराला नुकताच रंग फासला होता. त्याचा पापुद्रा निघाला आणि खाली जुन्या रंगात खरवडलेली दुसऱ्याच कुणाची अक्षरं दिसली.

ही मूस फुटते.

शलाकाने खापरी घट्ट धरली आणि लोखंडापर्यंत कोरायला सुरुवात केली.