दोन नळ्या

"दोघींचाही रिपोर्ट निगेटिव्ह आलाय," समीक्षा म्हणाली, आणि ओसरीवरचे कोरे चेहरे पाहून तिला हसू आलं. "म्हणजे चांगला, आबा. काही निघालं नाही."

सोपान आबांनी मांडीवर थाप मारली. "बघ सविता, मी म्हणलोतो का न्हाई? आता त्या पुण्याच्या डॉक्टरणीचं नाव काडायचं न्हाई घरात."

त्यांची सून सविता चहाचा ट्रे धरून दारातच उभी राहिली. आत्यांना पुण्याला दाखवू या, असं टुमणं तिनं दिवाळीपासून लावलं होतं. सासूला, विठाबाईला, ती आत्या म्हणायची. का दाखवायचं, ते मात्र तिला सांगता येत नव्हतं. शेवटी आबांनी तोडगा काढला होता, की तपासणीचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू. आता रिपोर्ट आला होता, आणि विठाबाई भिंतीला टेकून पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती, बोलणं जसं काही शेजारणीच्या तब्येतीचं चाललंय.

समीक्षा तळेगावच्या एका दवाखान्यातून यायची. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी तिथल्या डॉक्टरांनी मावळातल्या गावागावांत काढली होती. बायका काही केल्या टेबलावर झोपायला तयार होत नाहीत, म्हणून समीक्षा त्यांच्याच हातात एक बारीकसा ब्रश आणि एक नळी द्यायची. ज्या बाईचा नमुना, तिनंच तो आतून कडी लावून घ्यायचा. हा घरचा नमुना दवाखान्यातल्याइतका खरा निघतो का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. इथल्या, बेडशातल्या बायकांनी नळ्या भराभर भरून दिल्या, तेव्हा समीक्षाला कोण आनंद झाला होता.

"मशीन सहसा चुकत नाही," ती आबांना सांगत होती. "आता काळजी सोडा. दोघींचीही पुढची तपासणी एकदम पाच वर्षांनी."

पाच वर्षं. सवितानं विठाबाईकडे पाहिलं.

मशीन बिचारं चुकलं नव्हतंच. दोन्ही नळ्या सविताच्या होत्या. नळ्या मिळाल्या त्या दिवशी विठाबाईनं आपली नळी तिच्या हातात कोंबली होती, "माजी बी तूच भर," म्हणून. सविता नको नको म्हणाली, पण सासूचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. म्हातारी लाजत असेल, असं समजून तिनं भरून टाकली. मग दिवाळीच्या साफसफाईत न्हाणीतल्या पालथ्या घमेल्याखाली तिला फडकी सापडली. रक्तानं माखलेली. सविता लग्न होऊन या घरात आली तेव्हाच विठाबाईची पाळी गेलेली होती.

"कुणापाशी बोललीस तर माजं मेलेलं तोंड बगशील," विठाबाईनं शपथ घातली होती. सविता नवऱ्यापाशीसुद्धा बोलली नव्हती. पण गप्प बसलं तरी तेच तोंड बघावं लागणार, हे आता दारात उभ्या उभ्या तिला कळून चुकलं.

तिनं ट्रे खाली ठेवला.

"ताई, आत्यांनी नळी भरलीच नव्हती. दोन्ही मीच भरल्या. आणि त्यांच्या अंगावरून रक्त जातंय. दिवाळीच्या आधीपासून."

शेंगा सोलणारे हात थांबले. आबांनी बायकोकडे पाहिलं, आणि लगेच अंगणाकडे. सबंध संसारात असलं बोलणं दोघांत कधी झालं नव्हतं. कसं करतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"मावशी, खरं आहे का हे?" समीक्षानं विचारलं.

विठाबाईनं सुनेकडे असं पाहिलं की सविताला मान खाली घालावी लागली. "व्हय," ती म्हणाली.

"अहो, मग नळी का नाही भरलीत? तपासणी तुमच्यासाठीच तर होती!"

"तूच म्हणालीस ना बाई, पाळी चालू आसंल तर घ्यायचं न्हाई. समद्या बायांम्होरं सांगितलंस. माजी चालू व्हती." विठाबाईचा आवाज उतरला. "ह्या वयात परत सुरू झाली म्हणून कुणाला सांगू? लोकं तोंडात श्यान घालतील. रिकामी नळी दिली असती, तर तू का म्हणून इचारलं नसतंस?"

समीक्षानं ते सांगितलं होतं खरं. गावोगाव, प्रत्येक ओसरीवर, न विसरता सांगितलं होतं.

"मावशी, ती पाळी नाही," ती म्हणाली. "रक्त जातंय ना, मग रिपोर्ट काही का येईना, डॉक्टरांनी आतून तपासायलाच हवं. आत्ताच निघू. मी येते तुमच्याबरोबर."

आबा उठून उभे राहिले. त्यांनी आधी खुंटीवरची टोपी घातली. मग म्हणाले, "सविता, हिची लुगडी भर पिशवीत."

सविता आत वळली. विठाबाई मात्र जागची हलली नाही. पदर सारखा करून तिनं पुढची शेंग हातात घेतली आणि लहान मुलाची समजूत घालावी तशी समीक्षाला म्हणाली, "आज कसं जमंल, पोरी? आजबी चालूच हाय. थांबू तर दे. थांबली की मी आपणहून यीन."