खुंटीवरचं हेडगार्ड

खुंटीवर हेडगार्ड नव्हतं.

कृष्णातनं शेडभर नजर फिरवली. वाळूची पिशवी होती, ग्लोव्हज होते, दोरीवर टॉवेल होता. लाल रेग्झिनचं, कानापाशी उसवलेलं हेडगार्ड तेवढं गायब. फौजेतून सुभेदार म्हणून सुटताना त्यानं ते गावी, कुंडलला आणलं आणि पोरीच्या, शिवांजलीच्या डोक्यावर चढवलं. आज ते सापडलं की त्याला उसाच्या पाचटाबरोबर पेटवून द्यायचं होतं. हेडगार्ड नसलं की उद्या साताऱ्याच्या बॉक्सिंग निवड चाचणीत तिला रिंगमध्ये कोण घेतंय!

तिला खेळू द्यायचंच नव्हतं. सरावात बाप-लेक समोरासमोर असताना एक हूकचा ठोसा कानशिलावर बसला आणि तेव्हापासून पोरीचं काहीतरी बिनसलं होतं. रोज समोर बसून तेच ते विचारायची.

आत्ताही ती एकदम शेजारी उगवली. बाजूनं येणारं माणूस हल्ली त्याला दिसतच नसे. वय झालं, दुसरं काय.

"आबा, आज वार कोणता?"

"बुधवार, पोरी."

"आन् मी कोण?"

"तू शिवांजली. माझी वाघीण."

ती हसली, पण डोळे भरून आले होते. "कालबी बुधवारच म्हणला हुता, आबा."

झालं! साधा वारसुद्धा पोरीच्या ध्यानात राहत नव्हता. ती वळली तशी तिची कमरेपर्यंतची वेणी हलली आणि कृष्णात चपापला. खेळासाठी केस बारीक कापणारी पोर ही. गंगावन लावलं असेल, पोरींचे नखरे, असं म्हणून त्यानं मान फिरवली.

फौजेतले उस्ताद सांगायचे, हेडगार्ड भुवई फुटू देत नाही, कान वाचवतं. पण त्याच्या भरवशावर डोकं पुढं करू नका. नारळाला काथ्या कितीही असला तरी आतलं पाणी हलायचं ते हलतंच. कृष्णातनं हेच पुढं जवानांना शिकवलं आणि पोटच्या पोरीच्या वेळी मात्र तिच्या हनुवटीखाली पट्टा आवळून, आता भ्यायचं न्हाई, म्हणत राहिला. चूक सगळी त्याची होती आणि ती त्याला आतून कुरतडत होती.

त्या दिवसाचं एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. पडली पोरगी, मग मातीची चव त्याच्या जिभेवर कशी?

त्याची बायको विजयमाला चहा घेऊन आली. त्यानं हात पुढं केला, तरी कप तिनं स्वतःच धरून त्याच्या ओठांना लावला.

"हेडगार्ड कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"हाय की जाग्यावर."

"खुंटी मोकळी दिसतीया. जाळायचंय मला ते."

"आवं, जाळू नगा. सारखी भोवळ येतीया. पडलं-झडलं तर निदान डोकं तरी भुईवर आपटत न्हाई."

"म्हंजे तुलाबी ठावं हाय? पोरगी भोवळ येऊन पडतीया आन् तू गप बसलीस?"

विजयमालानं पदर तोंडाला लावला.

कृष्णातला राहवेना. "शिवांजली, उद्याची मॅच खेळायची न्हाई. मेडल गेलं खड्ड्यात. मला माझी पोरगी पायजे, धडधाकट!"

"बरं, आबा. न्हाई खेळत."

इतक्या सहज? त्या चाचणीसाठी जीव टाकणारी पोर ही. वाद नाही, रडणं नाही, आदळआपट नाही. कृष्णातला तिची भीती वाटली.

"कवाच सोडलंय मी," ती हळूच म्हणाली.

"मग दे ते हेडगार्ड हिकडं."

शिवांजली त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली.

"आपल्याकडं एकच हुतं, आबा. त्या दिवशीबी तुमी ते मलाच घातलंत. सोता उघड्या डोक्यानं म्होरं उभं ऱ्हायलात, आन् म्हणलात, मार पोरी, जोरात मार."

तिनं हात पुढं केला आणि त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला.