शेख हिझामना काय द्यायचं?

येमेनमधलं इमामाचं राज्य गेलं, प्रजासत्ताक आलं आणि सना शहरातलं पहिलंवहिलं मंत्रिमंडळ जुळवायचं काम माझ्या बाबांच्या गळ्यात पडलं. प्रत्येक टोळीच्या शेखला एकेक खातं देता देता खातीच संपली, आणि उरले नेमके शेख हिझाम!

ते आमच्या दिवाणखान्यात गालात कात नावाच्या झुडपाचा तरतरी आणणारा पाला कोंबून बसले होते. "मला काहीच नाही? बरं. उद्या बंदराचा रस्ता अडवतो. बघू तुमचं प्रजासत्ताक पीठ कुठून आणतं ते!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. सरकार सकाळी शपथ घेणार आणि दुपारी पडणार!

मी किश्रचे, म्हणजे कॉफीच्या टरफलांच्या गरम काढ्याचे, पेले घेऊन आत गेले आणि राहवेचना. "काका, तुम्ही विरोधी पक्षनेते व्हा ना! शाळेत बाई म्हणाल्या, प्रजासत्ताकात तो लागतोच."

"त्याला काम काय असतं गं पोरी?"

"सरकार काहीही म्हणालं, की उठून मोठ्यांदा 'नाही' म्हणायचं."

"आणि लोकांची गाऱ्हाणी?"

"ती मंत्र्यांकडे पाठवून द्यायची!"

शेख इतके खूश झाले, की जाताना बाबांना कडकडून मिठीच मारली. बाबा मला म्हणाले, "लुत्फिया, सरकार वाचवलंस गं!" मी तर हवेतच!



सकाळी बाबा शपथविधीला निघाले, तर दारात अख्खं मंत्रिमंडळ उभं: "ही खाती घ्या परत. हिझामला दिलंत, तेच पद आम्हालाही द्या!"