घरात माणसं किती

पत्नी गेल्यानंतर दातीर सर आजच वर्गावर आले होते. सांख्यिकीच्या प्रथम वर्षाला सरासरी शिकवायची होती. मन बधिर होतं. खडू सवयीनं चालत होता.

“घरात माणसं किती, एकेकानं सांगा,” ते म्हणाले आणि आकडे फळ्यावर मांडत गेले.

“सर, तुमच्या घरी?” पुढच्या बाकावरून श्रावस्तीनं विचारलं.

“दोन,” ते बोलून गेले, लिहूनही गेले. सगळ्यांची सरासरीही काढून झाली. मग थबकून त्यांनी तो आकडा हातानंच पुसला, एक लिहिला आणि सरासरी पुन्हा काढली.

“फारसा फरक नाही पडला, सर!” काहीच ठाऊक नसलेली श्रावस्ती म्हणाली.

“नाही पडत,” सर म्हणाले. “वर्ग मोठा आहे ना.”

मग ते खुर्चीत बसले, आणि स्मशानातही कोरडे राहिलेले डोळे भर वर्गात वाहू लागले.